जुने हॉलिवूड चित्रपट नेमके कोणाचे?

२०२२ साली ॲमेझॉनने सुमारे ८४५ कोटी डॉलर मोजून एमजीएम हा हॉलिवूडचा नामांकित स्टुडिओ विकत घेतला. एमजीएमच्या बोधचिन्हातल्या डरकाळी फोडणाऱ्या त्या सिंहाबरोबर 'गॉन विथ द विंड' आणि 'द विझर्ड ऑफ ऑझ' हे चित्रपटही ॲमेझॉनच्या पदरात पडले असणार, असे कोणालाही साहजिकच वाटेल. प्रत्यक्षात १९३९ साली एमजीएमच्या नावाने पडद्यावर आलेले हे दोन्ही चित्रपट आज वॉर्नर ब्रदर्सच्या मालकीचे आहेत. उलट मॅरिलिन मन्रोचा 'सम लाइक इट हॉट' हा एमजीएमने कधीच न काढलेला चित्रपट या व्यवहारात ॲमेझॉनकडे गेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पॅरामाउंट या स्टुडिओचे स्कायडान्स या कंपनीशी विलीनीकरण झाले, आणि जुन्या स्टुडिओंच्या खरेदी-विक्रीच्या बातम्या आता वरचेवर येऊ लागल्या आहेत. अशा प्रत्येक बातमीबरोबर बोगार्ट, बर्गमन, कॅरी ग्रँट किंवा ऑड्री हेपबर्न अशा जुन्या नट-नट्यांवर जीव असलेल्या प्रेक्षकाला एकच काळजी लागते, ती म्हणजे आपल्याला हवे ते चित्रपट यापुढे पाहायला मिळणार की नाही.

हा प्रश्न वरवर व्यापाराचा दिसत असला तरी तो रसिकतेचाही आहे. ज्यांना आपण हॉलिवूडचे अभिजात चित्रपट म्हणतो ते केवळ गुणांवर त्या पदाला पोहोचलेले नाहीत. ते लोकांना पुन्हा पुन्हा पाहायला मिळाले म्हणून पोहोचले, आणि ते पाहायला मिळावेत की नाही हे बहुतेक वेळा मालकीच्या कागदांनी ठरवले.

चित्रपट विकला जातो तेव्हा काय विकले जाते?

स्टुडिओची इमारत, त्याचे नाव आणि त्याने काढलेले चित्रपट या तीन वेगळ्या मालमत्ता आहेत आणि त्या वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकता येतात. एखाद्या कंपनीकडे असलेल्या जुन्या चित्रपटांच्या साठ्याला या धंद्यात लायब्ररी म्हणतात. लायब्ररी विकली गेली की मूळ निगेटिव्ह, प्रती काढण्याचा हक्क आणि दाखवण्याचा हक्क नव्या मालकाकडे जातो. पडद्यावरचे पहिले बोधचिन्ह मात्र बहुधा जुनेच राहते, म्हणून ते पाहून आजच्या मालकाचा अंदाज बांधता येत नाही.

दूरचित्रवाणी येण्यापूर्वी बहुतेक स्टुडिओंच्या लेखी वर्ष-दोन वर्षांपूर्वीचा चित्रपट म्हणजे वखारीत पडलेला माल होता. काही मोजके लोकप्रिय चित्रपट पुन्हा प्रदर्शित होत, बाकीचे पडून राहत. १९५० च्या दशकात घरोघरी टीव्ही संच आले, वाहिन्यांना दिवसाचे तास भरण्यासाठी काही तरी हवे होते, आणि पैशाच्या विवंचनेत असलेल्या स्टुडिओंनी आपले जुने साठे घाऊक भावात विकायला काढले. वॉर्नर ब्रदर्सने १९५० पूर्वीचे आपले चित्रपट १९५६ साली असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स या कंपनीला विकले. त्यातच 'कॅसाब्लांका' होता. १९५८ मध्ये तो साठा युनायटेड आर्टिस्ट्सकडे गेला, १९८१ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सच एमजीएमने घेतली, आणि १९८६ मध्ये अटलांटाच्या टेड टर्नर या टीव्ही-उद्योजकाने एमजीएम विकत घेऊन काही महिन्यांतच स्टुडिओचा बराच भाग परत विकला, पण लायब्ररी मात्र स्वतःकडे ठेवली. तिच्यात एमजीएमचे स्वतःचे जुने चित्रपटही होते; युनायटेड आर्टिस्ट्सचे स्वतःचे चित्रपट मात्र, 'सम लाइक इट हॉट'सकट, एमजीएमकडेच राहिले. 'गॉन विथ द विंड'ची सिंहापासून ताटातूट झाली ती या वेळी. पुढे १९९६ साली टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली आणि चाळीस वर्षांच्या भटकंतीनंतर 'कॅसाब्लांका' पुन्हा वॉर्नरच्या घरी आला.

पॅरामाउंटचे तसे झाले नाही. १९५० पूर्वीचे आपले सुमारे ७०० बोलपट त्याने १९५८ मध्ये एमसीए या कंपनीला ५ कोटी डॉलरना विकले, आणि एमसीएने पुढे युनिव्हर्सल ताब्यात घेतली. परिणाम असा की बिली वाइल्डरने पॅरामाउंटमध्येच काढलेल्या दोन श्रेष्ठ चित्रपटांपैकी १९४४ चा 'डबल इंडेम्निटी' आज युनिव्हर्सलकडे आहे आणि १९५० चा 'सनसेट बुलेव्हार्ड' पॅरामाउंटकडे. एका दिग्दर्शकाचे काम सलग पाहू इच्छिणाऱ्याला दोन दारे ठोठवावी लागतात, त्याचे कारण कलेत कुठेच सापडणार नाही. ते १९५८ च्या विक्रीखतात आहे.

टीव्हीवरच्या या घाऊक विक्रीने एक मोठे काम नकळत केले. जे चित्रपट आईवडिलांनी तरुणपणी एकदाच पाहिले होते ते मुलांना रात्री उशिरा घरबसल्या दिसू लागले. त्याच सुमारास, १९५७ च्या जानेवारीत 'कॅसाब्लांका'चा नायक हम्फ्री बोगार्ट याचे निधन झाले आणि मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी, हार्वर्ड विद्यापीठाच्या शेजारी असलेल्या ब्रॅटल चित्रपटगृहाने त्या वसंतात 'कॅसाब्लांका' लावला. विद्यार्थ्यांनी तो डोक्यावर घेतला, परीक्षांच्या दिवसांत बोगार्टचे चित्रपट पाहण्याचा तिथे प्रघातच पडला, आणि संवाद तोंडपाठ असलेले प्रेक्षक पडद्याबरोबर बोलू लागले. 'कॅसाब्लांका' १९४२-४३ मध्येही यशस्वी होता आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्करही मिळाले होते, परंतु बोगार्ट हा एका पिढीचा दैवत झाला तो या दुसऱ्या फेरीत.

हक्क संपतो कधी?

चित्रपटावरचा स्वामित्वहक्क, म्हणजेच कॉपीराइट, कायमचा नसतो. मुदत संपली की तो चित्रपट पब्लिक डोमेनमध्ये येतो, म्हणजे कोणाच्याही परवानगीशिवाय कोणालाही दाखवता, छापता, कापता किंवा त्याच्यावरून नवे काही रचता येते.

अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने हा हक्क २८ वर्षांचा होता आणि २८ व्या वर्षी अर्ज केला तर आणखी २८ वर्षे मिळत. १९७६ च्या कायद्याने हक्क चालू असलेल्या जुन्या कृतींची मुदत एकूण ७५ वर्षे केली आणि १९९८ मध्ये तीत २० वर्षांची भर घालून ती ९५ वर्षे झाली. या शेवटच्या वाढीमुळे तब्बल दोन दशके एकही जुना चित्रपट मुदत संपून खुला झाला नाही. १ जानेवारी २०१९ रोजी १९२३ सालच्या कृतींनी ही कोंडी फुटली आणि तेव्हापासून दर वर्षी १ जानेवारीला आणखी एक वर्ष खुले होते. २०२६ मध्ये १९३० ची पाळी होती. पहिल्या महायुद्धाची भीषणता दाखवणारा 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' आणि मार्लीन डीट्रिशचा 'मोरोक्को' त्या दिवशी अमेरिकेत सर्वांचे झाले. 'गॉन विथ द विंड'साठी मात्र २०३५ पर्यंत थांबावे लागेल.

काही चित्रपट मुदतीआधीच निसटले, आणि तेही कारकुनी चुकांमुळे. 'हिज गर्ल फ्रायडे' या १९४० च्या विनोदी चित्रपटाच्या हक्काचे नूतनीकरणच झाले नाही. कॅरी ग्रँट आणि ऑड्री हेपबर्न यांचा १९६३ चा 'शराड' तर प्रदर्शित झाला त्याच दिवशी खुला झाला, कारण तेव्हाच्या कायद्याला पडद्यावर हक्काची जी सूचना हवी होती ती नीट दिलेली नव्हती. हे दोन्ही चित्रपट गेली अनेक वर्षे कुठेही सहज सापडतात, आणि दोघांच्याही चाहत्यांची संख्या मोठी आहे. याला मी निव्वळ योगायोग मानत नाही.

राहून गेलेल्या एका अर्जाची गोष्ट

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण दिग्दर्शक फ्रँक काप्राच्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'चे आहे. १९४६ च्या अखेरीस आलेल्या या चित्रपटाला पाच ऑस्कर नामांकने मिळाली, पण खर्च भरून निघाला नाही. काप्राने मोठ्या उमेदीने काढलेली लिबर्टी फिल्म्स ही कंपनी लवकरच पॅरामाउंटला विकली गेली, चित्रपट हातोहाती फिरत एनटीए नावाच्या टीव्ही-वितरक कंपनीकडे पोहोचला, आणि १९७४ साली २८ वर्षे पुरी झाली तेव्हा नूतनीकरणाचा अर्ज झालाच नाही.

शुल्क न भरता दाखवता येणारा, जेम्स स्टुअर्टसारखा नट असलेला आणि नाताळच्या रात्री घडणारा चित्रपट हाती आल्यावर अमेरिकेतल्या छोट्या-मोठ्या वाहिन्यांनी तो दर डिसेंबरमध्ये वाट्टेल तितक्या वेळा लावला. आत्महत्येच्या टोकाला पोहोचलेल्या एका मध्यमवर्गीय माणसाची ही कहाणी आतून बरीच काळोखी आहे. स्टुअर्टने त्यात जो वैताग आणि जी हतबलता दाखवली आहे ती पहिल्या भेटीत पुरती उमगत नाही. वर्षानुवर्षे घरच्या सगळ्यांनी मिळून पाहिल्यामुळे ती उमगली, आणि जो चित्रपट तोट्याच्या खात्यात जमा होता तो अमेरिकेच्या नाताळचा भाग झाला.

१९९३ मध्ये एनटीएची वारस असलेल्या रिपब्लिक पिक्चर्सने या मुक्त प्रदर्शनाला लगाम घातला. चित्रपटाचा हक्क संपला तरी ज्या कथेवर तो बेतला होता तिचा आणि त्यातल्या संगीताचा हक्क जिवंत होता. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर वाडा बेवारस झाला होता, पण ज्या जमिनीवर तो उभा होता तिच्या सातबाऱ्यावर अजून नाव होते, आणि जमिनीच्या मालकाला ओलांडून वाड्यात शिरता येत नाही. या युक्तिवादाला बळ मिळाले ते हिचकॉकच्या 'रिअर विंडो'च्या मूळ कथेवरून झालेल्या खटल्यामुळे. त्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये कथेच्या हक्कधारकाच्या बाजूने निकाल दिला होता. १९९४ पासून हा चित्रपट एनबीसी या एकाच वाहिनीवर वर्षातून मोजक्या वेळा दिसू लागला.

या काळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. हक्क नसल्यामुळे १९८० च्या दशकात या कृष्णधवल चित्रपटाला परस्पर रंग चढवण्यात आले, आणि काप्रा व स्टुअर्ट यांना विरोध नोंदवण्यापलीकडे काही करता आले नाही. अर्थात हक्क असूनही तेच घडले. टर्नरने आपल्या मालकीच्या 'कॅसाब्लांका'लाही १९८८ मध्ये रंग दिले. त्याने रंगवलेल्या 'द अस्फाल्ट जंगल'वरून दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनचे वारस फ्रान्समध्ये न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये जिंकले, कारण फ्रेंच कायदा कर्त्याचा नैतिक हक्क, म्हणजे आपल्या कृतीची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क, विक्रीनंतरही मानतो. अमेरिकेत या वादातून १९८८ चा राष्ट्रीय चित्रपट जतन कायदा आला आणि दर वर्षी २५ चित्रपटांची राष्ट्रीय सूची सुरू झाली. १९८९ च्या पहिल्याच यादीत 'कॅसाब्लांका' होता.

चांगला चित्रपट कसाही टिकतोच, नाही का?

हा आक्षेप सर्वांत आधी येतो, आणि मला तो सर्वांत चुकीचा वाटतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तिथे निघालेल्या सुमारे ११,००० पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. त्या काळची नायट्रेटची फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असे; ती पेटली की स्वतःच प्राणवायू सोडते, त्यामुळे पाण्यानेही विझत नाही. १९३७ मध्ये न्यू जर्सीतल्या लिटल फेरी येथे फॉक्सच्या साठ्याला आग लागली आणि १९१० च्या दशकातली महातारका थीडा बारा हिचे बहुतेक काम तिच्यात जळाले. तिच्या १९१७ च्या 'क्लिओपात्रा'चे आज केवळ तुकडे उरले आहेत. ती चांगली अभिनेत्री होती की नव्हती, हे ठरवण्याइतका पुरावाच आपल्याजवळ नाही. या दुःखाची ओळख पुण्यालाही आहे. २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत नायट्रेटवरचे कितीतरी भारतीय चित्रपट नष्ट झाले.

जे जळाले नाहीत त्यांचेही नशीब मालकाच्या मर्जीवर होते. मूक विनोदाचे तीन मोठे नट म्हणजे चॅप्लिन, बस्टर कीटन आणि हॅरल्ड लॉइड. कीटनच्या हाती त्याचे चित्रपट राहिले नव्हते, आणि 'द जनरल' तर पहिल्या प्रदर्शनात आपटला होता. पुढे १९५० च्या दशकात कीटनच्या जुन्या घरात राहायला आलेल्या जेम्स मेसन या नटाला तिथे काही चित्रपटांचे डबे सापडले, संग्राहकांनी आणखी प्रती जमवल्या, त्या सर्वत्र फिरल्या आणि कीटनला मरणापूर्वी स्वतःचा गौरव पाहता आला. लॉइडकडे मात्र आपल्या बहुतेक चित्रपटांची मालकी होती. टीव्हीवर जाहिरातींनी चिरफाड होईल या धास्तीने तो ते सहजासहजी देत नसे. त्याची भीती रास्त होती, तरीही टीव्हीवर वाढलेल्या पिढीच्या मनात चॅप्लिन आणि कीटन यांच्या शेजारी लॉइडची जागा रिकामीच राहिली. घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा माणूस सर्वांना आठवतो, त्याचे नाव फार थोड्यांना.

याच्या उलट 'व्हर्टिगो'चे उदाहरण कोणी देईल, आणि ते विचारात घेण्याजोगे आहे. 'व्हर्टिगो'सह हिचकॉकच्या मालकीचे पाच चित्रपट दीर्घकाळ प्रदर्शनाबाहेर होते आणि त्याच्या मृत्यूनंतर १९८३-८४ मध्ये युनिव्हर्सलने ते पुन्हा आणले. तरीही 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाच्या समीक्षक-कौलात 'व्हर्टिगो' १९८२ मध्येच पहिल्या दहांत आला होता. म्हणजे दिसत नसतानाही कीर्ती वाढू शकते. परंतु ती समीक्षकांची कीर्ती होती, आणि त्यांनी तो चित्रपट आधी पाहिलेला होता. पुनर्प्रदर्शन आणि १९९६ चे जीर्णोद्धारित रूप आल्यानंतरच तो सामान्य प्रेक्षकाचा झाला, आणि २०१२ च्या कौलात पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

नट-नट्यांना यातून काय मिळाले?

फार थोडे. स्टुडिओच्या ऐन भराच्या काळात कलाकार करारावर पगार घेत आणि चित्रपटावर त्यांचा काहीही हक्क नसे. टीव्हीवर जुने चित्रपट झळकू लागल्यावर पडद्यावरचा चेहरा तोच, पण पैसा भलत्याच्या खिशात, अशी स्थिती झाली. १९६० साली कलाकारांच्या संघटनेने, रोनाल्ड रेगन तिचा अध्यक्ष असताना, संप केला. तडजोड अशी निघाली की १९६० पासूनच्या चित्रपटांच्या टीव्ही-प्रदर्शनातून कलाकारांना वाटा मिळेल, आणि त्याआधीच्या चित्रपटांवरचा दावा सोडण्याच्या बदल्यात स्टुडिओ निवृत्तिवेतन व आरोग्य निधीसाठी २२.५ लाख डॉलर एकरकमी देतील. १९३० आणि १९४० च्या दशकांतले कितीतरी कलाकार पुढची अनेक वर्षे रात्रीच्या टीव्हीवर चमकत राहिले आणि त्यांना एक पैसाही मिळाला नाही. आपण ज्या काळाला सुवर्णकाळ म्हणतो त्याचा हा हिशेब चाहत्यांनी ध्यानात ठेवायलाच हवा.

मग सगळेच खुले करून टाकावे का?

तेही पुरेसे नाही. 'शराड' किंवा 'हिज गर्ल फ्रायडे' खुले आहेत म्हणून त्यांच्या पिवळट, धुरकट, आवाज फाटलेल्या असंख्य प्रती फिरत असतात, आणि त्याच पाहून जुने चित्रपट असेच दिसायचे असा ग्रह होतो. खरे तर तेव्हाची छायाचित्रण-कला कमालीची नाजूक होती. छाया-प्रकाशाच्या ज्या पायऱ्या चांगल्या प्रतीत दिसतात त्या वाईट प्रतीत काळ्या डागासारख्या एक होतात. मूळ निगेटिव्ह शोधणे, फ्रेममागून फ्रेम साफ करणे आणि आवाज दुरुस्त करणे यांना पैसा लागतो, आणि परतावा दिसल्याशिवाय तो सहसा कोणी घालत नाही. मार्टिन स्कॉर्सेसीने १९९० मध्ये द फिल्म फाउंडेशन ही संस्था स्थापन केली ती या अडचणीवर उपाय म्हणून, आणि तिच्या मदतीने १,००० हून अधिक चित्रपटांचा जीर्णोद्धार झाला आहे.

इंटरनेटवरच्या मासिक वर्गणीच्या सेवांनी प्रश्न सुटला, असेही म्हणता येत नाही. तिथला चित्रपट ठरावीक मुदतीच्या परवान्यावर असतो आणि मुदत संपली की गुपचूप नाहीसा होतो. जुन्या आणि जागतिक चित्रपटांसाठी नावाजलेली फिल्मस्ट्रक ही सेवा तर दोनच वर्षांत, २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये, मालकांनी बंद केली. टर्नरने १९९४ मध्ये सुरू केलेल्या टर्नर क्लासिक मूव्हीज या वाहिनीत २०२३ मध्ये मोठी नोकरकपात झाली तेव्हा चाहत्यांनी गदारोळ केला आणि स्पीलबर्ग, स्कॉर्सेसी व पॉल थॉमस अँडरसन यांनी कंपनीच्या प्रमुखाशी थेट बोलणी केली. वाहिनी टिकली. चाहत्यांचा आवाज मालकापर्यंत पोहोचतो, याचे हे एक पक्के उदाहरण आहे.

एका देशात खुला, दुसऱ्या देशात बंद

अमेरिकेतली तारीख इतर देशांना लागू होत नाही. भारतीय कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. युरोपातल्या बऱ्याच देशांत कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे मोजली जातात, म्हणून १९७७ मध्ये वारलेल्या चॅप्लिनचे चित्रपट तिथे २०४७ च्या अखेरपर्यंत बांधलेले राहतील, जरी त्याचा १९३१ चा 'सिटी लाइट्स' अमेरिकेत १ जानेवारी २०२७ रोजी खुला होत असला. शिवाय मूकपटाला नंतर जोडलेल्या संगीतावर वेगळा हक्क असू शकतो.

त्यामुळे पुण्यात किंवा नाशिकमध्ये फिल्म सोसायटीचा खेळ लावणाऱ्याने चित्रपटाचे वर्ष पाहून थांबू नये. कोणती प्रत वापरायची, तिचा जीर्णोद्धार कोणी केला, तिच्यावरचे संगीत कधीचे आणि कथेचा हक्क कोणाकडे, एवढे आधी तपासावे. चांगल्या जीर्णोद्धारित प्रतीत बहुधा सुरुवातीला किंवा शेवटी जतनाचे काम करणाऱ्या संस्थांची नावे दिलेली असतात. प्रत निवडताना ती पाटी सर्वांत आधी पाहावी.